बारमाही अण्णा

पाऊस पडला म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात पाहायचा असेल, तर करमाळा तालुक्यातल्या केमला उतरावं. जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं हे स्टेशन. बाकीचा जिल्हा पावसासाठी देव पाण्यात घालून बसलेला असतो. केमचा कुंकवाचा कारखानदार तेच देव बाहेर काढून उन्हात वाळवायच्या विचारात असतो.

कारण केम म्हणजे कुंकू. या गावात कुंकवाचे कारखाने आहेत, आणि प्रत्येक कारखान्याला एक अण्णा आहेत. पाळण्यातलं नाव काहीही असू दे, धंद्यात पडला की माणूस अण्णा होतो. अण्णांच्या धोतराला, नखांना आणि नोटांना एकच रंग असतो. बँकेतला कॅशियर गुलाबी झालेली नोट उजेडात धरून म्हणतो, "केमचा भरणा दिसतोय."

कुंकू हा उन्हाचा धंदा. अस्सल हळदीचं करायचं तर टाकणखार, तुरटी, लिंबाचा रस लागतो. स्वस्तातल्या मालात पिष्ट आणि रंग. पण ऊन दोघांनाही लागतं. ओला माल पसरायचा, कडकडीत वाळवायचा, दळायचा, चाळायचा आणि पोती भरायची. माल पसरलेला असताना आभाळ आलं, की घरातली पोरंसोरं, कामगार, चहा प्यायला आलेले पाहुणे असे सगळे ताडपत्री घेऊन धावतात. एखाद्या वेळी ताडपत्रीआधी सर पोचते. मग अंगणातून गटारापर्यंत असा लाल ओघळ जातो, की परगावचा माणूस पोलीसपाटलाचं घर विचारायला लागतो.

यात आणखी एक मेख आहे. कारखान्यामागे अण्णांची जिरायत जमीनही आहे. तिथे मालदांडी ज्वारी पेरायची असते, आणि तिला भाद्रपद-आश्विनातला परतीचा पाऊस हवाच. इकडे नेमकं त्याच दिवसांत नवरात्राचं कुंकू वाळत पडलेलं असतं. त्यामुळे सप्टेंबरात अण्णांची प्रार्थना सविस्तर असते. "शिवारात पड बाबा, पण रेल्वे फाटकाच्या अलीकडं येऊ नको." गावच्या उत्तरेश्वरासमोर ते डोळे मिटून बराच वेळ उभे राहतात. लोकांना ती भक्ती वाटते. अण्णा देवाला गट नंबर समजावून सांगत असतात.

थोडक्यात, धंद्याचं वर्ष आठ महिन्यांचं. लग्नसराई, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं, चैत्रगौर, चैत्री वारी. या दिवसांत अण्णांना जेवायला फुरसत नसते. ज्येष्ठ सरला, आषाढीचा माल पंढरपूरला पोचता झाला, की विठ्ठलाबरोबर चक्कीही झोपते; मधे नवरात्राच्या मालापुरते डोळे उघडते, तेवढंच. दोघांनाही कार्तिकीपर्यंत उठायची घाई नसावी, अशी सोय शास्त्रात आहे. पण अण्णांना झोप येत नाही. "हे चार महिने मला खायला उठत्यात," असं ते म्हणतात आणि या चार महिन्यांसाठी जोडधंदा शोधायला लागतात.

पहिला जोडधंदा मांडवाचा. खांब, पडदे, खुर्च्या, दोन राजेशाही सोफे, सगळं कर्ज काढून आणलं. हिशोब चोख होता: ज्या घरी लग्न, तिथे कुंकू लागणारच, मग मांडवही आपलाच का नको? पहिल्या सराईत गडी दमून गेले. मग आषाढी एकादशी आली, चातुर्मास लागला, आणि खुर्च्या कारखान्यात कुंकवाच्या रिकाम्या पोत्यांशेजारी येऊन बसल्या. हल्ली काढीव मुहूर्तावर चातुर्मासातही लग्नं लागतात, पण ती मंगल कार्यालयात. तिथल्या खुर्च्या तिथेच असतात.

अण्णा खचले नाहीत. तालुक्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. अण्णांनी जुना ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतल्या. दिवाळीनंतर गाळप पेटलं, अण्णांच्या ट्रॉल्या रात्रंदिवस पळाल्या. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला. ट्रॉल्या दारात उभ्या राहिल्या आणि पहिल्या पावसात त्यांत पाणी साचलं. मांडवाच्या ताडपत्र्या ट्रॉल्यांवर टाकल्या, तेव्हा अण्णांना समाधान वाटलं. एक जोडधंदा दुसऱ्याच्या उपयोगी पडला होता.

मग उसाचाच रस काढायचं ठरलं. रसवंती घातली. घुंगरू लावलेला चरक, लाकडी बाकडी, आल्या-लिंबाचा रस. चैत्र-वैशाखात ग्राहक उभं राहून पीत होते. मृगाचा पहिला शिडकावा झाला आणि तेच ग्राहक शेजारच्या टपरीवर चहाला गेले.

पुढची कल्पना कुणातरी पुण्याच्या पाहुण्याने डोक्यात घातली. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेचं पाणी करमाळा तालुक्याच्या कडेकडेने पसरलं. त्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यामागून गळ्यात कॅमेरे अडकवलेले शहरी लोक. अण्णांनी एका होडीत निम्मी भागी घेतली. माघ-फाल्गुनात रविवार भरून गेले. "पक्ष्याला चारा घालायचा न्हाय, दवापाणी न्हाय, आपलं आपण येतंय. याच्यासारखा धंदा न्हाय!" असं अण्णा सगळ्यांना सांगत सुटले. पावसाळा तोंडावर आला तसे पक्षी आपलं आपण गेलेही. चातुर्मास त्यांनाही लागू असल्याचं अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता एखाद्या साध्या माणसाच्या लक्षात आलं असतं की आपण एका कुलपासाठी एकामागून एक किल्ल्या करतोय आणि सगळ्या दुसऱ्याच कुलपाच्या आहेत. मोकळे चार महिने भरायला अण्णांनी चार धंदे काढले, आणि ते चारही नेमक्या त्याच चार महिन्यांत बंद. पूर्वी पावसाळ्यात एक धंदा बसलेला असायचा, आता पाच बसलेले असतात. अण्णांना मात्र यात प्रगती दिसते. "बाकीच्यांचा एक धंदा बंद असतोय, आमचे पाच बंद असत्यात," हे ते अभिमानाने सांगतात.

त्यांच्या आत्मविश्वासाला एक जुना आधारही आहे. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली. आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. नवरात्रही बंद दारांआड झालं. देवळं उघडली ती नोव्हेंबरात, दिवाळीच्या पाडव्याला. माल पडून होता, ऊन मात्र भरपूर होतं. अशा वेळी २०२१ च्या जानेवारीत राज्यात एकदम चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या, आणि अण्णांना गुलालाचा साक्षात्कार झाला. गुलालाला तिथी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, देऊळही उघडं लागत नाही. फक्त दोन गट लागतात, आणि तेवढे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात असतात.

अण्णांनी दोन्ही गटांना गुलाल विकला, तोही निकालाच्या आदल्या दिवशी आणि रोखीने. हरलेला माणूस गुलालाचं बिल देत नाही, हे त्यांनी पहिल्याच निवडणुकीत ओळखलं. पडलेल्या गटाची पोती पडत्या भावाने परत घेऊन ती निवडून आलेल्यांना चढ्या भावाने द्यायची, एवढी राजकीय समज त्यांना होती.

"हा खरा बारमाही धंदा," अण्णांनी जाहीर केलं. "ग्रामपंचायत झाली की सोसायटी, सोसायटी झाली की दूध संघ, मग बाजार समिती, साखर कारखाना, झेडपी. लोकशाहीला सुट्टी न्हाय." गोदाम गुलालाने भरलं. आणि २०२३ च्या जूनअखेरीस सरकारने आदेश काढला: पावसाळ्याचे दिवस असल्याने सहकारी संस्थांच्या निवडणुका ३० सप्टेंबरपर्यंत पुढे. झेडपीची मुदत तर २०२२ मध्येच संपली होती, आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षं लागेना. अण्णांनी पेपर घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सरकारबी कुंकवाच्याच धंद्यात हाय की काय?"

एवढ्या सगळ्या खटाटोपात घर चालतं कशावर, हा प्रश्न अण्णांना कधी पडला नाही, कारण पडू दिला गेला नाही. कारखान्यामागच्या गोठ्यात वहिनींच्या तीन म्हशी आहेत. पहाटे आणि संध्याकाळी दूध डेअरीला जातं. दर दहा दिवसांनी बिल येतं, ते वहिनींच्या खात्यावर. पोरांची फी, किराणा, मांडवाच्या कर्जाचा हप्ता, ट्रॅक्टरचा विमा, होडीच्या डागडुजीतला निम्मा वाटा, सगळं त्यातून जातं. गंमत म्हणजे पावसाळ्यात बांधावर हिरवं गवत मिळतं आणि दूध वाढतं. अण्णांचे पाच धंदे बसतात, तेव्हाच वहिनींचा हंगाम भरात येतो.

अण्णांना हे माहीत नाही असं नाही. पण त्याला ते धंदा म्हणत नाहीत. "म्हशीत काय अक्कल लागती? चारा टाकायचा, धार काढायची. धंद्यात जोखीम पायजे, नियोजन पायजे!" तालुक्याला तरुण उद्योजकांचा मेळावा भरला की 'बारमाही उत्पन्नाचे मार्ग' या विषयावर बोलायला त्यांनाच बोलावतात. मेळावा पावसाळ्यातच असतो. एरवी वक्त्याला वेळ नसतो. मानधन म्हणून शाल आणि नारळ मिळतो. अण्णा तासभर मांडव, ट्रॉली, चरक, होडी, गुलाल असं सगळं उलगडून सांगतात. म्हशींचा उल्लेख येत नाही.

परवा अशाच एका मेळाव्यात मागच्या रांगेतल्या पोराने विचारलं, "अण्णा, सगळ्या वर्षात पैसा कधी थांबलाच न्हाय, असं तुमच्यात काय हाय?" अण्णा जरा थांबले. घरी येईपर्यंत गप्प होते. जेवायला बसल्यावर म्हणाले, "आवं, मी इचार करतोय. दुधाचं कायतरी मोठं केलं पायजे. नुसतं डेअरीला घालण्यात काय दम न्हाय."

वहिनींनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "मग काय करायचं म्हणताय?"

"मठ्ठा, लस्सी, कुल्फी! स्टँडवर गाळा घेऊ. उन्हाळ्यात काय खप होईल बघा!"

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यासाठी कायतरी जोडधंदा बघू की."

वहिनींनी दुसरी भाकरी ताटात टाकली आणि म्हणाल्या, "बघा. पण दूध बाहेरनं इकत घ्यायचं."