तात्यांचा डावा कान

कोल्हापुरात मोडका कान ही पदवी आहे. तालमीच्या मातीत वर्षानुवर्षं घासून ज्याचे कान फुगले, आकसले आणि शेवटी कान म्हणून ओळखू येईनासे झाले, त्या माणसाला एसटीत खिडकीची जागा न मागता मिळते. अशा गावात ‘पोरीचे कान शाबूत राहावेत म्हणून चार पैसे खर्च करणार आहे’ असं म्हणणाऱ्या बापाकडं लोक काळजीनं बघतात. घरचं बरं आहे ना, असंही विचारतात.

पोरगी पिस्तूल चालवते, याचं मात्र आता कुणाला नवल नाही. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य मिळवलं, आणि इथल्या आयांनी ‘डॉक्टर हो’च्या जोडीला ‘नेम धर’ हेही म्हणायला सुरुवात केली. आमची लेक इतके दिवस दहा मीटरवर एअर पिस्तूल मारत होती. दाबलेल्या हवेचं काम, दारूगोळा नाही. त्या आवाजाला आमच्या गल्लीतल्या कुत्र्यानंही कधी मान वर केली नसती. आता तिच्या प्रशिक्षक मॅडमनी तिला पंचवीस मीटरवर, टू-टूच्या (.२२) पिस्तुलाकडं वळवलं आणि हातात चिठ्ठी दिली: ‘इअरमफ घ्या. बॅटरीचे नकोत.’

चिठ्ठी घरात वाचली गेली तेव्हा कळलं, की कानाबद्दल प्रत्येकाचं स्वतंत्र मत आहे.

काकी म्हणाली, “मफ कशाला? कापसाचा बोळा घाल तेलात भिजवून.” काकीच्या वैद्यकात कापसाच्या बोळ्यानं बरी न होणारी एकच व्याधी आहे, ती म्हणजे तात्या. पण बोळा थंडीसाठी ठीक. आवाज त्याला जुमानत नाही. टू-टूचं काडतूस करंगळीच्या पेरात मावतं, तरी त्याचा बार १४० डेसिबलच्या घरात जातो आणि पिस्तुलाच्या आखूड नळीतून तर त्याच्याही वर. १४०च्या पुढं कानाला सवलत नाही, एकाच बारात कायमचं नुकसान होऊ शकतं. बाराबोर बंदूक १५०च्या पुढंच बोलते. दहाचाच तर फरक, असं वाटेल. पण डेसिबलच्या हिशेबात दहा वाढले की ऊर्जा दहापट होते.

हे मी मोठ्यानं सांगत होतो आणि तात्या हसत होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. १९७२चा वन्यजीव कायदा यायच्या आधी त्यांनी राधानगरीकडच्या रानात बरीच रानडुकरं मारली, असं तात्या सांगतात. काकीच्या मते बरीचशी रानडुकरं वयानं गेली. बाराबोरची दुनळी, एलजीची जाड छऱ्यांची काडतुसं, समोरून हाकारे, आणि कानात काय? “कानात वारं,” तात्या म्हणाले. “मफ घालून शिकार करायला आम्ही काय बायकी होतो?”

बायकी नव्हते, हे त्यांचा डावा कान आजही सांगतो. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडं असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. त्यामुळं जगभरच्या उजव्या शिकाऱ्यांचा डावा कान आधी जातो. तात्यांनी मात्र या नुकसानीतून सोय काढली. लग्नाच्या पंगतीत ज्याचं ऐकायचं नाही त्याला ते डावीकडं बसवतात. एलआयसीवाले, दूरचे मेहुणे आणि पतसंस्थेला जामीन मागणारे सगळे डावीकडं. काकी लग्न झाल्यापासून डावीकडंच आहे.

आमच्याकडं याचा कागदोपत्री पुरावाही आहे. मागं एकदा डॉक्टरांनी त्यांच्या कानाचा आलेख काढला. रेघ बरी चालली होती आणि चार हजार हर्ट्‌झपाशी विहिरीत उतरली. बंदुकीच्या आवाजानं बिघडलेल्या कानाची ही खूणच असते. डॉक्टर म्हणाले, जाड पुरुषी आवाज यांना बरे ऐकू येतील. बायकांचे, लहान मुलांचे बारीक आवाज आणि त्यातलं स-श-च मात्र निसटेल. तात्यांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. पारावरचे दोस्त ऐकू येतात आणि बायको येत नाही, याला वैद्यकीय शिक्का मिळालेला दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे हे नुकसान भरून येत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की मेल्या. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. म्हणजे तात्यांनी ज्या तितरांवर बार टाकले आणि जी तितरं उडून गेली (काकीच्या मते सगळीच), त्यांचे कान काही आठवड्यांत सुधारले असतील. तात्या अजून टीव्ही बेचाळीसवर लावतात.

तर आम्ही दुकानात गेलो. लेक, मी, काकी आणि ‘मला बंदुकीतलं कळतं’ म्हणून तात्या.

दुकानदारानं आधी कानात घालायची फोमची बुचं काढली. स्वस्त आणि मस्त, पण घालायची विद्या आहे. बोटांत वळून बारीक करायचं, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, बूच आत सारायचं आणि ते फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचं. कान वर आणि मागं ओढायचा हे मला सांगावं लागलं नाही. आमच्या गणिताच्या मास्तरांची पद्धत नेमकी हीच होती. बहुतेक लोक मात्र बूच नुसतं दारात उभं करतात आणि बार ऐकून म्हणतात, माल खराब आहे.

मग इअरमफ आले. प्रत्येक खोक्यावर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलनं घटेल त्याचा आकडा. एकावर २२, एकावर ३०. हा आकडा लग्नाच्या बायोडाटातल्या पगारासारखा असतो: खोटा नाही, पण प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेत कारखान्यांचे सरकारी तपासनीस त्यातून आधी सात वजा करतात आणि उरलेल्याचे निम्मे धरतात. तीसचे राहतात साडेअकरा. “मग आत बूच घालून वर मफ लावते, बुचाचे ३३ आणि मफचे ३० मिळून ६३,” लेकीनं हिशेब केला. तेही खरं नाही. दोन्ही मिळून मोठ्या आकड्यावर पाचेक डेसिबलची भर पडते, कारण उरलेला आवाज कान टाळून कवटीच्या हाडातून आत येतो. तरी बंद रेंजमध्ये, भिंतींवरून बार परत येत असताना, ते पाचही सोडू नयेत.

लेकीनं नेमबाजीचा चष्मा लावूनच मफ घातले, हे तिचं शहाणपण. चष्म्याची जाड काडी गादीखाली फट पाडते आणि त्या फटीतून विकत घेतलेले काही डेसिबल गळून जातात. तात्यांना वाटी मोठी असलेले मफ आवडले, पण ते रायफलवाल्याला चालत नाहीत. गाल दस्त्याला टेकवला की वाटी आडवी येते आणि मफ उचकटतात. पिस्तुलाला ती अडचण नाही. हे तात्यांना पटवायला वेळ गेला, कारण मी त्यांच्या डावीकडं उभा होतो.

एवढ्यात दुकानदारानं काचेच्या कपाटातून बॅटरीचे मफ काढले. परदेशातले शिकारी यावर जीव टाकतात. बाहेर माइक, आत स्पीकर. पाचोळ्यातली चाहूल वाढवून ऐकवतात आणि बार झाला की क्षणात ती वाढ थांबते. स्पर्धेत खेळाडूला ते चालत नाहीत. बाहेरून कुणी कानात सूचना देईल, म्हणून नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमात आवाज पकडणारी साधनं बसत नाहीत. मॅडमच्या चिठ्ठीतली दुसरी ओळ त्यासाठीच होती. लेकीनं खोकं बाजूला सारलं.

तात्यांनी ते उचललं. डोक्यावर चढवलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि छताकडं बघत उभे राहिले. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, गल्ल्यातली चिल्लर, पंख्याची कुरकुर असं एकेक त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होतं.

काकी डावीकडं होती. नेहमीच्या आवाजात, म्हणजे इतकी वर्षं कुणालाच ऐकू न गेलेल्या आवाजात, ती पुटपुटली, “घालून बसलेत. आता कुठला वाघ मारायचा राहिलाय?”

“वाघ नाही,” तात्या न वळता म्हणाले. “रानडुक्कर.”

काकी गप्प झाली. इतक्या वर्षांत डावीकडं काय काय बोललो, याची उजळणी चालली असावी. मग तिनं पदर सारखा केला, पुढं होऊन तात्यांच्या डोक्यावरचं ते यंत्र स्वतःच्या हातानं उतरवलं आणि दुकानदारापुढं ठेवलं.

“ह्यांनाबी बिनबॅटरीचेच दाखवा,” ती म्हणाली.