‘काही होत नाही’ मिस्त्रींना खुले पत्र

रा. रा. मिस्त्री यांस,


आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि विजेचा गीझर काढून गॅसचा बसवायची साथच पसरली. विजेचं बिल पाहून आम्हालाही मोह झाला, म्हणून आपण आमच्या घरी पायधूळ झाडलीत. बाथरूममध्ये जुन्या गीझरच्या जागी बोट ठेवून म्हणालात, “इथंच टांगू. होलं तयार आहेत, टाइल फोडायला नको.”

“बंद बाथरूममध्ये गॅस?”

“काही होत नाही!”

तीन शब्दांत अख्खं रसायनशास्त्र निकालात काढल्याबद्दल आपलं अभिनंदन. आमची आपली भाबडी समजूत, की एक घनमीटर नैसर्गिक वायू नीट जळायला सुमारे १० घनमीटर हवा लागते. आमच्या बाथरूममध्ये सगळी मिळून हवाच आठेक घनमीटर. त्यात आंघोळ करणाऱ्यालाही श्वास घ्यायची हौस असते. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मग माणूस खाली बसतो. कडी आतून असते, त्यामुळे दार फोडावं लागतं. हिवाळ्यात अशा बातम्या पेपरात येतात. आपल्याला कामाच्या गडबडीत पेपर वाचायला वेळ मिळत नसावा.

“वास आला की कॉक बंद करायचा,” हा आपला दुसरा सिद्धांत. साहेब, तो वास गळणाऱ्या गॅसचा. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात आणि ज्योतीत तो जळून जातो. कार्बन मोनॉक्साइड अशी वर्दी देऊन येत नाही.

शेजाऱ्यांचा सिलिंडरवरचा जुना गीझर “नुसती नळी बदलून” पाइपला जोडायची आपली तयारीही थोरच. सिलिंडरच्या गॅसमध्ये त्याच आकारमानात जवळपास अडीच पट उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटचं छिद्र बारीक. पाइपच्या गॅसवर तो गीझर नुसता मिणमिणेल. पण ते असो.

गॅसशी आमचं वैर नाही, हे नमूद करतो. कोळशाच्या वीजकेंद्रात जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाया जाते, उरलेल्याची वीज होते आणि त्या विजेने आम्ही पुन्हा पाणीच तापवतो. हा द्राविडी प्राणायाम थांबला तर हवाच आहे. फरक एवढाच, की विजेच्या गीझरचा धूर तिकडे चंद्रपूरला निघतो आणि गॅसच्या गीझरचा थेट आमच्या डोक्यावर. विजेच्या गीझरची जागा गॅसला चालत नाही, ती त्यामुळे.

तेव्हा गीझर ड्राय बाल्कनीतच बसेल. आमच्या बाल्कनीला अजून काचा लागलेल्या नाहीत, म्हणून ती जागा चालते. जळलेल्या वायूची नळी उघड्यावर निघेल आणि आत येईल ते फक्त गरम पाणी. त्यासाठी चार टाइल फुटतील, आपली एक मजुरी वाढेल, ती देऊ. गॅसच्या लाइनला मात्र हात लावायचा नाही. ते काम गॅस कंपनीची माणसं करतील. आणि हो, ठिणगीचे दोन मोठे सेल घालायला विसरू नका. लाइट गेले तरी गॅसचा गीझर चालतो, सेल संपले की नुसता टकटक करत बसतो.

वाचकहो, तुमच्याकडे मिस्त्री आमच्या आधीच येऊन गेले असतील, तर आज दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच कडी लावा. आणि पुढच्या थंडीची वाट न पाहता तो गीझर बाथरूमच्या बाहेर काढून घ्या.

आपला,
टाइल फोडून घेणारा एक ग्राहक