न वाजलेल्या गाण्यांची गाडी

दीर्घायुषी हेवी मेटल बँडच्या चाहत्याचे व्यवच्छेदक लक्षण असे की, बँड जी गाणी वाजवतो त्यांच्यापेक्षा जी वाजवत नाही त्यांच्यावर त्याचा जीव अधिक असतो, आणि ही निष्ठा सिद्ध करण्यासाठी तो रजा टाकून, महागडे तिकीट काढून, शेकडो किलोमीटरचा प्रवास करून नेमका वाजणाऱ्या गाण्यांसमोर जाऊन उभा राहतो. या वर्गाच्या अभ्यासकाला दोन पारिभाषिक शब्द ठाऊक असणे आवश्यक आहे. ‘सेटलिस्ट’ म्हणजे एका कार्यक्रमात कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजवायची याची यादी. तिचा कागद रंगमंचावर वादकांच्या पायाशी चिकटपट्टीने डकवलेला असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर तो तुडवलेला कागद मिळावा म्हणून एरवी बऱ्यापैकी सुशिक्षित असलेली माणसे सुरक्षारक्षकांची मनधरणी करतात. ‘डीप कट’ म्हणजे अल्बमच्या पोटात दडून राहिलेले, रेडिओवर न लागलेले आणि मैफलीतही सहसा न येणारे गाणे. ते उत्तम असण्याची अट नाही, मात्र त्याच्यावर अन्याय झालेला असणे अपरिहार्य आहे.

अन्यायाला भरपूर वाव असलेला बँड म्हणून आयर्न मेडनचे नाव घ्यावे लागेल. स्टीव्ह हॅरिस या बासगिटारवादकाने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये स्थापन केलेल्या या बँडचे २०२१ पर्यंत १७ स्टुडिओ अल्बम निघाले, त्यांतील गाण्यांची संख्या दीडशेच्या पुढे जाते, आणि दोन तासांच्या कार्यक्रमात मावतात जेमतेम पंधरा-सोळा; म्हणजे बँडने कोणतीही यादी केली तरी नव्वद टक्के गाण्यांचे कैवारी नाराज होणार हे गणितानेच ठरलेले आहे. त्यातही हा बँड एका दौऱ्यात सहसा रोज तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतो. मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ‘वन्समोर’ ओरडून रात्रीचा रंग बदलता येत असे आणि पहाट झाली तरी त्याची कोणाला खंत नसे. मेडनच्या श्रोत्याला ती सोय नाही, कारण गाण्यागणिक मागचा भव्य पडदा बदलतो, दिवे त्या गाण्याबरहुकूम लावलेले असतात आणि एडी नावाचे बँडचे सांगाडेवजा बोधचिन्ह ठरल्या गाण्यालाच मंचावर अवतरते. अशा व्यवस्थेत दौऱ्याच्या पहिल्या रात्रीला विलक्षण महत्त्व येते, कारण त्या रात्रीपुरती यादी कोणालाच ठाऊक नसते आणि म्हणून प्रत्येकाचे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता शाबूत असते.

२८ मे २०२३ च्या रविवारी स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे ‘फ्यूचर पास्ट’ दौऱ्याची अशी पहिली रात्र होती, आणि त्या दिवशी व्हिएन्नाहून निघालेल्या ‘एमोना’ या गाडीत काळ्या टीशर्टांचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक होते. एमोना हे ल्युब्लियानाचे रोमनकालीन नाव असून गाडीला तेथे पोहोचण्यास सुमारे सहा तास लागतात. वादाला ही मुदत पुरेशी असावी असा समज नवख्या प्रवाशांत आढळतो. एका बाकावर मूळचा कोथरूडचा, आता व्हिएन्नात नोकरी करणारा एक अभियंता होता आणि त्याच्या शेजारी डोंबिवलीहून खास या कार्यक्रमासाठी आलेला त्याचा कॉलेजमित्र, ज्याच्या मांडीवर भडंगाची पिशवी होती. डोंबिवलीकराची प्रतिष्ठा मोठी होती, कारण १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ दौऱ्याची पहिली रात्र झाली तेव्हा तो तिथे हजर होता. त्या दौऱ्यावर बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत माणसे आणि सामान घेऊन देशोदेशी फिरला होता. अर्थात त्याच्या मित्राकडेही उत्तर होते. १७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँड भारतात आला तेव्हाचा धुळीने माखलेला टीशर्ट त्याने अंगात घातला होता, आणि या मंडळींत टीशर्टावरील साल हे सेवाज्येष्ठतेचे प्रमाणपत्र मानले जाते.

गाडी सेमरिंगचा घाट चढू लागली. ग्लोगनिट्स ते म्युर्त्सत्सुश्लाग हा ४१ किलोमीटरचा डोंगरी लोहमार्ग कार्ल फोन गेगा या अभियंत्याने बांधला, तो १८५४ मध्ये पुरा झाला आणि १९९८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. सामान्य पर्यटक येथे कमानींचे दुमजली पूल पाहतो. मेडनचा भाविक मात्र १८५४ म्हटल्यावर क्रिमियाच्या युद्धातील ब्रिटिश घोडदळाचा आत्मघातकी हल्ला, म्हणजे ‘द ट्रूपर’ या गाण्याचा विषय, आणि १९९८ म्हटल्यावर ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ हा ब्लेझ बेली या मधल्या गायकाच्या काळातील अल्बम आठवून खिडकीकडे पाठ फिरवतो. हे दोन्ही दाखले या प्रवासात देण्यात आले आणि त्या वेळात किमान तीन पूल मागे पडले.

या संप्रदायातील मतमतांतरांची थोडी ओळख येथे करून द्यावी लागते. पहिले दोन अल्बम (१९८० आणि १९८१) गाणाऱ्या पॉल डियानोनंतर जे झाले तो सगळा ऱ्हास, असे मानणारा एक कर्मठ गट आहे. १९८२ ते १९८८ हा सुवर्णकाळ मानणारे बहुसंख्य आहेत आणि बहुसंख्यांप्रमाणेच तेही आपल्यावर अन्याय होतो असे समजतात. ब्लेझ बेलीच्या दोन अल्बमांचे वकील संख्येने थोडे, परंतु चिवट असतात. २००० नंतरच्या दीर्घ, संथ सुरुवातीच्या गाण्यांचे अभिमानी तरुण असतात. ग्राट्सला चढलेले एक मध्यमवयीन ऑस्ट्रियन शिक्षक दुसऱ्या गटाचे निघाले आणि मारिबोरला चढलेली एक विद्यार्थिनी चौथ्या. त्यामुळे डब्यात कोरमही झाला आणि चुरसही आली. शिक्षकांच्या अंगात ‘बॅटल जॅकेट’ होते. बॅटल जॅकेट म्हणजे बाह्या कापलेले आणि बँडांच्या कापडी बिल्ल्यांनी शिवून भरलेले डेनिमचे जाकीट. डाव्या खांद्याखालचा एक बिल्ला निळ्या दोऱ्याने आणि बाकीचे काळ्या दोऱ्याने शिवलेले होते. निळा दोरा पत्नीचा, बाकीचे टाके स्वतःचे, असा खुलासा त्यांनी न विचारता केला. निळे टाके सरळ होते.

मुख्य वाद अर्थातच ‘अलेक्झांडर द ग्रेट’ या गाण्याचा होता. १९८६ च्या ‘समव्हेअर इन टाइम’ या अल्बमच्या शेवटी येणारे, साडेआठ मिनिटांचे, सिकंदराचे चरित्र तारीखवार सांगणारे हे स्टीव्ह हॅरिसचे गाणे बँडने तोवर एकाही कार्यक्रमात वाजवले नव्हते. सिकंदराला झेलमच्या काठापर्यंतचा मुलूख जिंकायला जितका काळ लागला त्याच्या कितीतरी पट काळ त्याचे गाणे मंचाच्या पायरीवर ताटकळत होते, आणि त्या काळात या गाण्याभोवती तक्रारीचे एक समृद्ध वाङ्मय उभे राहिले होते. या दौऱ्यात त्या अल्बमवर भर राहील एवढे बँडने आधी जाहीर केले असल्याने आशा बळावल्या होत्या.

“आज वाजवणार, लिहून ठेव,” डोंबिवलीकर म्हणाला.

“आणि वाजवलं तर पुढे काय करायचं रे?” अभियंता म्हणाला. “लेका, वीस वर्षं आपण ह्याच एका मुद्द्यावर भांडतोय.”

या प्रश्नावर डबा थोडा वेळ गप्प झाला. मग प्रत्येकाने आपली आदर्श सेटलिस्ट मांडावी असा ठराव झाला आणि कागद नसल्याने भडंगाची पिशवी रिकामी करून वापरण्यात आली. पंधरा गाण्यांचे बंधन सर्वांनी मान्य केले होते. लाश्को स्टेशन येईपर्यंत यादी एकतीसवर गेली. पिशवीवर जिथे तेल पाझरले होते तिथे पेन उमटत नसल्याने ‘फ्लॅश ऑफ द ब्लेड’चा मधला भाग कोराच राहिला. १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’मधील या गाण्याला दारिओ अर्जेंटोच्या ‘फेनॉमेना’ या भयपटात जागा मिळाली, परंतु बँडच्या मैफलीत मिळाली नाही, ही गोष्ट शिक्षकांनी ज्या स्वरात सांगितली तो स्वर माणसे एरवी भाऊबंदकीच्या दाव्यांसाठी राखून ठेवतात.

विद्यार्थिनीने ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’चे नाव काढले तेव्हा खरा भडका उडाला. २०१५ सालचे हे अठरा मिनिटांचे गाणे आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाविषयी आहे. हे जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये तेव्हाच्या हिंदुस्थानातील कराचीला निघाले आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून त्यातील ५४ पैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. गाणेही त्या जहाजाप्रमाणेच मुक्कामी पोहोचलेले नाही, म्हणजे मंचावर आलेले नाही. अठरा मिनिटे म्हणजे तीन गाण्यांचा बळी, आणि ती तीन कोणती, यावर डब्यात कोणत्याही दोन माणसांचे एकमत होईना. वास्तविक बँडने २००६ मध्ये नवा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा ७२ मिनिटांचा अल्बम सलग, संपूर्ण वाजवण्याचे धाडस केले होते, आणि तेव्हा जुनी गाणी कुठे गेली म्हणून बोंब मारणाऱ्यांत न वाजलेल्या गाण्यांचे अनेक कैवारी होते. हा इतिहास कोणीतरी काढताच विषय बदलून बिअरवर आला. लाश्को हे गाव त्याच नावाच्या बिअरचे माहेर असून ल्युब्लियानाच्या ‘युनियन’ बिअरशी तिचे जुने वैर आहे. स्लोव्हेनियाचा नागरिक या दोहोंपैकी एकीचा असतो आणि दुसरीला पाणी म्हणतो. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्स कंपनीकडून २०१३ पासून तयार होणारी मेडनची स्वतःची ‘ट्रूपर’ बिअर या भांडणात तिसरा पक्ष म्हणून पुढे करण्यात आली, ती विद्यार्थिनीने एका शब्दात निकालात काढली.

झिदानी मोस्तनंतर गाडी सावा नदीला धरून धावते आणि हा टप्पा फार सुंदर आहे, असे प्रवासमार्गदर्शके सांगतात.

ल्युब्लियानात उतरल्यावर डोंबिवलीकराला कानात घालायचे बोळे विसरल्याचे लक्षात आले. स्लोव्हेनियात २०२० पासून रविवारी बहुतेक दुकाने कायद्याने बंद असतात, म्हणून बोळ्यांच्या शोधात मंडळींनी योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने घडवलेले तिपदरी पूल, ल्युब्लियानित्सा नदीचा काठ आणि हिरव्या ड्रॅगनांचा पूल असे शहरातील सर्व प्रेक्षणीय स्थळांचे दर्शन अनवधानाने उरकले. शेवटी एका पेट्रोल पंपावर कापूस मिळाला.

स्तोझित्सेच्या बंदिस्त सभागृहात यूएफओ या बँडचे १९७४ सालचे ‘डॉक्टर डॉक्टर’ ध्वनिक्षेपकावरून लागले, आणि हे लागले की मेडनचा कार्यक्रम सुरू होतो हे जाणणारा सारा जनसमुदाय एका सुरात गाऊ लागला. पाठोपाठ ‘ब्लेड रनर’ चित्रपटाचे संगीत आले आणि पहिलेच गाणे ‘कॉट समव्हेअर इन टाइम’ निघाले. दहावे ‘अलेक्झांडर द ग्रेट’ होते. त्या साडेआठ मिनिटांत शिक्षक रडले, अभियंत्याने कानांतले बोळे काढून फेकले, आणि डोंबिवलीकर संपूर्ण गाणे मोबाइलवर टिपण्याच्या नादात ते मुख्यतः चार इंची पडद्यावर पाहत राहिला. समाधानाचा हा काळ अकराव्या गाण्यापर्यंत टिकला. कार्यक्रम पंधरा गाण्यांवर संपला तेव्हा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, ‘रन टू द हिल्स’ आणि ‘हॅलोड बी दाय नेम’ यांपैकी एकही वाजले नाही हे सर्वांच्या ध्यानात आले, आणि इतकी वर्षे याच गाण्यांना शिळी म्हणणारे शिक्षक त्यांच्या बाजूने सर्वांत तावातावाने बोलले. विद्यार्थिनीने ‘समव्हेअर इन टाइम’मधील ‘देजा व्हू’ तेवढे आता उरले, असे शांतपणे निदर्शनास आणले. अभियंत्याचा चेहरा उजळला.

परतीच्या गाडीत सोमवारी असा निष्कर्ष निघाला की सिकंदराचे गाणे वाजवताना ढोलकरी निको मॅकब्रेनने काही ताल सोपे करून घेतले. सत्तरीच्या या वादकाला त्याच वर्षी जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला होता आणि तो त्यातून सावरून दौऱ्यावर उभा राहिला होता, हे त्याने ऑगस्टमध्ये स्वतः जाहीर केले. त्यानंतर शिक्षकांनी आपले मत सुधारून, मूळ ध्वनिमुद्रणातील तालच विनाकारण अवघड होते, असे मित्रांना कळवले.

मॅकब्रेन डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाला. २७ मे २०२५ रोजी बुडापेस्टला ‘रन फॉर युवर लाइव्ह्ज’ दौऱ्याची पहिली रात्र झाली, नवा ढोलवादक सायमन डॉसन बसला, यादी पहिल्या नऊ अल्बमांपुरती मर्यादित राहिली, सुरुवात डियानोच्या काळातील ‘मर्डर्स इन द र्यू मॉर्ग’ने झाली आणि ‘अलेक्झांडर द ग्रेट’ पुन्हा वगळले गेले. तक्रार पूर्ववत होईल या आशेने हीच मंडळी मोठ्या उत्साहात निघाली होती; परंतु व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाणारी रेलजेट पावणेतीन तासांतच पोहोचवते, त्यामुळे हद्दीवरचे हेग्येशहालोम स्टेशन मागे पडले तरी ‘फ्लॅश ऑफ द ब्लेड’ सुरुवातीला घ्यावे की एन्कोरला, म्हणजे निरोप घेऊन पुन्हा मंचावर आल्यावरच्या गाण्यांत, हे ठरलेले नव्हते, आणि पुढल्या खेपेस बसने जावे असा ठराव एकमताने मंजूर झाला.