भाडे नव्हे, सेवाशुल्क

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ११ नुसार घरमालकाला भाडे वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येते. परंतु खासगी वृद्धनिवासातले आजोबा भाडेकरू नसून ‘निवासी’ असतात आणि दरमहा ते भरतात ते ‘सेवाशुल्क’, म्हणजे खोली, जेवण व देखभाल यांची एकत्रित आकारणी, असल्यामुळे, जे भाडेच नाही त्याची भाडेवाढ कशी होणार, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद बिनतोड मानावा लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मासिक भाडेपट्टा संपवण्यासाठीसुद्धा १५ दिवसांची नोटीस, म्हणजे लेखी पूर्वसूचना, मागतो. येथे मात्र भोजनगृहातला फळा पुरतो, ज्यावर ‘उद्या नाश्त्याला उपमा’ याच्याखाली, त्याच खडूने, ‘१ तारखेपासून सुधारित शुल्क’ असे लिहिले जाते आणि मोतीबिंदू झालेल्या निवाशांनी ते वाचून संमती दिली, असे गृहीत धरले जाते. (उपम्याबाबत निदान दुसऱ्या दिवशी खातरजमा तरी होते.) ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने निर्वाह न देणाऱ्या मुलाला न्यायाधिकरणापुढे उभे करण्याची सोय केली, पण शुल्क वाढवणाऱ्या व्यवस्थापनाविषयी तो मौन पाळतो. वाढ मान्य नसणाऱ्याला खोली सोडण्याची मुभा असतेच, फक्त त्यासाठी तीन महिन्यांची लेखी पूर्वसूचना द्यावी, ती फळ्यावर लिहून चालणार नाही, असे करारात ठळक अक्षरांत छापलेले असते.