पुलापलीकडचा ‘ढ’

‘परदेश’ हा शब्द कामरगावात फार जपून वापरला जातो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या या गावाहून मुंबई पाचशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. रात्रभर अंग आंबवून माणूस तिथे उतरतो, तरी त्याच्या खिशात तोच रुपया असतो, डोक्यावर तेच सरकार असतं आणि रिक्षावाल्याशी भांडायला तीच भाषा पुरते. (थोडी हिंदी मिसळावी लागते, पण भांडण दोघांनाही समजतं.) गावाने आजवर ओलांडलेली सगळ्यात मोठी सीमा जिल्ह्याची, आणि तीही जागच्या जागी बसून. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. आदल्या रात्री अकोला जिल्ह्यात झोपलेलं गाव सकाळी दुसऱ्याच जिल्ह्यात उठलं. ना रांग, ना शिक्का. अशा गावातला एखादा मुलगा थायलंडात इंग्रजीचा मास्तर होतो आणि जोडून सुट्ट्या आल्या की कधी लाओस, कधी कंबोडिया, कधी व्हिएतनाम असे फोटो पाठवू लागतो, तेव्हा पारावर प्रश्न निघणारच : “हे पोट्टं तिकडं शिकवते का फिरते?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की ते फिरत नसेल तर त्याला शिकवू देऊ नये.

कारण इंग्रजीच्या मास्तरात एक मूळचाच दोष असतो. त्याला इंग्रजी येतं. पोहता येणाऱ्याला पाण्याची भीती कळत नाही. तो काठावर उभा राहून ‘सोपं आहे, हात मार’ एवढंच म्हणू शकतो. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते, आणि त्या निर्णयावर साहित्यिकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांनी यथेच्छ वाद घातला. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना इंग्रजी येत होतं. ज्याला येत नव्हतं ते सहा वर्षांचं पोट्टं वर्गात बसलेलं होतं. त्याला कोणी विचारलं नाही. घरी ज्याला ‘डोया’ म्हणतात त्याला शाळेत ‘डोळा’ म्हणायचं, हे त्याच्या नुकतं ध्यानात येत होतं, तेवढ्यात तिसरीकडून ‘आय’ आला. आय म्हणजे डोळा, आय म्हणजे मी, आणि पश्चिमेकडच्या खेड्यांत आय म्हणजे आई. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे रीत आहे. कारंजा तालुक्याच्या वाट्याला अभयारण्य आलं ते कारंजा-सोहोळचं, काळविटांचं. वाघीण आली ती थेट पाठ्यपुस्तकातून. त्या पहिलीतलं पोट्टं आज तिशी ओलांडून दुसऱ्यांना तेच दूध पाजतं आहे. पाजणाऱ्याने अधूनमधून स्वतःही वाघिणीसमोर उभं राहून यावं, म्हणजे पाय कसे लटपटतात ते आठवतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. अहो, तो आधीच थायलंडात आहे, तिथली भाषा त्याला कुठे येते? मग आणखी पुढे जायचं कारण काय? कारण थायलंड मास्तराला बिघडवतं. तिथे शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरू, आणि जरा मान वाढवायचा तर ‘आचान’, म्हणजे आचार्य. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की एका गुरुवारी मुलं फुलं घेऊन गुडघ्यांवर येतात आणि गुरुवंदना करतात. ज्या मास्तराला गावाकडे पालकांनी चहा पाजला तरी त्याची गावभर चर्चा होते, त्याचं अशा वंदनेने काय होत असेल, ते सांगायला नको. शिवाय ओळखीचे शब्द जागोजागी भेटतात. भाषेला ‘फासा’, महाविद्यालयाला ‘वित्थयालय’, आणि बँकॉकच्या विमानतळाचं नाव लिहायचं ‘सुवर्णभूमी’ पण म्हणायचं ‘सुवन्नफूम’. (हसू नये. ‘डोया’वाल्यांनी तर नाहीच.) सहा महिन्यांत मास्तराला शाळेतली खानावळवाली मावशी ओळखू लागते, त्याने न मागता त्याच्या ताटात कमी तिखट पडतं, दुकानात काही अडलं तर त्याचाच एखादा विद्यार्थी दुभाषा होऊन धावत येतो. थाई येत नाही ते नाहीच, पण न येण्याची लाज मात्र गेलेली असते. अज्ञान राहिलं आणि त्याची टोचणी गेली, तर त्या अज्ञानाचा शिक्षणाला काही उपयोग नाही. म्हणून पूल ओलांडायचा.

पूल म्हणजे शब्दशः पूल. नोंग खाई या थाई गावापाशी मेकाँग नदीवर १९९४ साली मैत्री-पूल झाला. लांबी सव्वा किलोमीटरच्या आत, आणि पलीकडे लाओसची राजधानी व्हिएन्तिआन वीस-पंचवीस किलोमीटरवर. कामरगावहून कारंज्याला बाजाराला जाऊन यावं तेवढ्या तंगडतोडीत देश बदलतो. थायलंडात वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, लाओसात उजवीकडून, त्यामुळे पूल उतरता उतरता रस्त्यालाच कूस बदलावी लागते. थायलंडात सालं बुद्धाच्या कालगणनेने मोजतात, म्हणजे इसवी सनात ५४३ मिळवायचे. लाओसच्या कचेऱ्यांत साधा इसवी सन चालतो. मास्तर पुलावर चढतो तेव्हा सव्विसाव्या शतकात असतो, आणि उतरतो तेव्हा एकविसाव्यात. एका पुलावर पाचशे त्रेचाळीस वर्षं मागे जायचं आणि सोमवारी तासाला परत यायचं, इतका स्वस्त कालप्रवास दुसरीकडे मिळत असल्यास कळवावं. पण खरी मौज पाटी वाचताना. लाओ लिपी शब्दांमध्ये जागा सोडत नाही, त्यामुळे एका वाक्याचा एकच लांबलचक शब्द दिसतो. कंबोडियात गेलं तर ख्मेर लिपीत ३३ व्यंजनं, आणि त्यांच्या पायांशी लोंबणारी त्यांचीच छोटी रूपं. या सगळ्या लिप्या आपल्या देवनागरीच्याच नात्यातल्या, ब्राह्मीच्या पोटच्या. पण नातं असं, की लग्नाच्या मांडवात भेटलेल्या चुलत-चुलत भावासारखं : नाक ओळखीचं वाटतं, नाव काही केल्या आठवत नाही. व्हिएतनामात तर लिपी रोमनच आहे. म्हणजे इंग्रजीच्या मास्तराला प्रत्येक अक्षर वाचता येतं आणि एकही शब्द कळत नाही, आणि पहिलीतल्या पोराची हीच तर अवस्था असते. तिथे ‘मा’ हा एक उच्चार गळ्याच्या चढउताराप्रमाणे भूत होतो, आई होतो, ‘पण’ होतो, थडगं होतो, घोडा होतो आणि भाताचं रोपही होतो. आईची चौकशी करायला जावं आणि समोरच्याने घोडा दाखवावा, असा हा प्रांत. ‘बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट का?’ असं विचारणाऱ्या मुलाला ज्याने कधी ‘पाठ कर’ म्हणून गप्प केलं असेल, त्याची झाडाझडती घ्यायला याहून चांगली जागा नाही.

चार दिवसांत काय शिकणार, हा दुसरा आक्षेप, आणि तो घेणारे सहसा स्वतः अष्टविनायक दोन दिवसांत करून आलेले असतात. पण त्याचंही उत्तर आहे. देश समजून घ्यायचा तर चार दिवस कमीच. चाळीस वर्षंही कमी. ‘ढ’ होऊन बघायला मात्र चार तास पुरतात, आणि चार आठवडे हानिकारक आहेत. महिनाभर राहिलं की माणूस पाणी मागायला शिकतो, भाव करायला शिकतो, आणि पुन्हा मास्तर होतो. ही सहल लहान आहे म्हणूनच गुणकारी आहे. टोचणीचं औषध मोजूनच घ्यायचं. मोबाइलमधला भाषांतरकार पाटीचा अर्थ सांगतो हे खरं, पण बाजारातल्या बाईने हसून जे काही म्हटलं आणि तिच्या शेजारची जे ऐकून आणखी हसली, ते त्याला सांगता येत नाही. वर्गातल्या ‘ढ’ मुलाचं दुःख शब्दार्थाचं नसतंच. बाकीचे का हसले ते न कळण्याचं असतं. हॉटेलच्या काउंटरवर इंग्रजी बोलतात, तिथून न हलणाऱ्याला यातलं काही मिळणार नाही, हे मान्य. समुद्रकाठ, बिअर आणि हत्तीबरोबर फोटो, एवढीच ज्यांची सहल असते त्यांचं समर्थन मी इथे करत नाही. करायचंच झालं तर वेगळा लेख लिहीन, आणि तो जास्त मनापासून लिहिला जाईल.

आता एक अवघड आक्षेप. हे सगळं गोऱ्या मास्तराला लागू, ज्याने इंग्रजी आईच्या मांडीवर घेतलं. कामरगावच्या पोट्ट्याने तर ‘ढ’पण पहिलीतच भोगलं आहे, त्याला पुन्हा कशाला पाठवता? खरं म्हणजे आशियातल्या नोकरीच्या बाजारात या फरकाला फार भाव आहे. दक्षिण कोरिया भाषा-शिक्षकाचा ई-२ विसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना देतं : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीय मास्तराला त्या दारातून आत घ्यायला व्यापार-करार लागला. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया कराराने मोटारींच्या सुट्या भागांबरोबर सहायक इंग्रजी शिक्षकाचीही सोय केली. बाकी ठिकाणीही जाहिरातीत शब्द असतो ‘नेटिव्ह’. हा शब्द वाचून मराठी माणसाने जरा थांबावं. १८२० च्या दशकात मुंबईत आपल्याला इंग्रजीही शिकवू लागलेल्या संस्थेचं नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ होतं. तेव्हा आपण नेटिव्ह होतो म्हणून आपल्याला इंग्रजी शिकवावं लागत होतं. आता आपण नेटिव्ह नाही म्हणून आपल्याला ते शिकवता येत नाही. दोनशे वर्षांत शब्दाने पूर्ण प्रदक्षिणा घातली, आपण मात्र रांगेत तिथेच. पण आक्षेपाचं उत्तर राहिलं. एकेकाळी ‘ढ’ असणं पुरत नाही, कारण ते विसरण्यासाठी माणूस जिवाचं रान करतो. सासुरवास भोगलेली सून पुढे प्रेमळ सासू होतेच असं नाही. बहुधा उलटच होतं. ‘आम्ही नाही का शिकलो?’ हे वाक्य नेटिव्ह मास्तराच्या तोंडी येत नाही, ते आपल्याच मास्तराच्या तोंडी येतं. म्हणून पुलाची गरज गोऱ्यापेक्षा त्यालाच जास्त. आणि एकदा ती भागली की त्याच्याइतका कामाचा माणूस नाही, कारण एकाच वस्तूला घरी एक आणि शाळेत एक नाव असतं, आणि दोन्ही खरी असतात, हे त्याला ‘डोया’पासून माहीत आहे.

राहता राहिला पैसा. थायलंडात वर्षाचा विसा घेऊन नोकरी करणाऱ्याला देशाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परतीची परवानगी काढावी लागते. एका खेपेला १००० बाट. हव्या तितक्या खेपा करायच्या तर ३८००. न काढता पूल ओलांडला तर विसा तिथेच मरतो, आणि गुरुवंदना घेणारा आचार्य पर्यटकांच्या रांगेत उभा राहतो. म्हणजे थायलंडातून निघणं फुकट आणि परत येणं विकत. तेवढ्या पैशात शेताला कुंपणाची तार आली असती, हे घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आपल्याकडे शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावतात, चार्टपेपर आणि स्केचपेन देतात, आणि चहानंतर ‘आता स्वतःला विद्यार्थ्याच्या जागी कल्पून पाहा’ असं सांगतात. सगळे डोळे मिटून कल्पतात. काहींना झोप लागते. त्याच विषयाचं प्रशिक्षण हा गडी स्वतःच्या खर्चाने, भर उन्हात, डोळे उघडे ठेवून करतो आहे. भत्ता मागत नाही, प्रमाणपत्र मागत नाही. तार पुढच्या हंगामात लागेल.

गावाकडच्या मास्तरांनी मग काय करावं, असं कोणी विचारील. लाओस त्यांना लांब. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद आहे, पण तिथे मराठी समजते, हीच तर अडचण. आणखी पुढे, पुरेसं तेलुगू लागेपर्यंत जावं लागेल. किंवा वर्गात असा विषय आणावा जो मास्तरालाही येत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना कोणती परकी भाषा शिकायची असं विचारलं, तेव्हा त्यांनी जपानी निवडली. २०२० मध्ये त्याच्या बातम्या झाल्या होत्या. त्यांच्या शेजारी बाकावर बसायची त्यांच्याच मास्तरांना याहून चांगली संधी कोणती?

पण पारावरचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. पोट्टं सुट्टीला घरी आलं की पहिला प्रश्न ‘काय आणलं?’ आणि दुसरा ‘ते थायलंड किती दूर हाये बावा?’ पहिल्याला बामची डबी आणि वाळवलेले आंबे पुरतात. दुसऱ्यासाठी त्याच्याकडे एक थाई शब्द आहे : ‘क्लाई’. सरळ सुरात म्हटलं तर ‘दूर’. सूर वरून खाली सोडला तर ‘जवळ’. पारावर बसलेल्यांना दोन्ही एकसारखेच ऐकू येतील आणि ते म्हणतील, “अरे पण जवळ का दूर, ते सांग ना.” तो पुन्हा म्हणेल, “क्लाई.” मागे बसलेला कोणीतरी हसेल, आणि बाकीच्यांना तो का हसला ते कळणार नाही.