कोरमअभावी हुकूमशाही तहकूब

आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस शेवटच्या वाक्यासाठी वाचावी. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ म्हणजे तुम्ही येणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही आला नाहीत तरी तुमच्या वतीने सगळं ठरेल, काळजी नसावी. लोकशाहीवर जाडजाड ग्रंथ लिहिणाऱ्यांना जे जमलं नाही ते आमचे सेक्रेटरी दरवर्षी एका वाक्यात लिहितात. तेही मागच्या नोटिशीची फक्त तारीख बदलून.

गेल्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय एकच : गच्चीवरच्या टाकीची गळती. दहाची सभा रिवाजाप्रमाणे तहकूब झाली आणि साडेदहाला पार्किंगमधल्या त्याच लाल खुर्च्यांवर तीच सात माणसं नव्याने जमली. मग पोहे आले तशी आणखी पंधरा-वीस आली. दोन वर्षांत तीन प्लंबरांची कोटेशनं आलीत. सर्वांत स्वस्त प्लंबरवर कुणाचा विश्वास नाही, सर्वांत महागाचं काम कुणाला परवडत नाही, आणि मधला चेअरमनच्या मेहुण्याचा मित्र आहे. तासाभराने पहिल्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, “या देशाला हुकूमशहाच पाहिजे!”

टाकीवरून देशावर एका उडीत. पण टाळ्या पडल्या. दोन वर्षांत त्या पार्किंगमध्ये एकमताने झालेली ही पहिलीच गोष्ट.

काका आणीबाणीचे चाहते आहेत. 1975 साली ते बँकेत होते. “दहाच्या ठोक्याला सगळे टेबलावर! चहालासुद्धा कुणी उठायचं नाही!” कुणीतरी विचारलं, “मग आज सभेला पाऊण तास उशिरा कसे आलात?” काका शांतपणे म्हणाले, “आता लोकशाही आहे ना.”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा सिंगापूरला असतो. त्या तिकडे तीन आठवडे राहून आल्या, तेव्हापासून लिफ्टचा कोपरा लाल दिसला की त्या सिंगापूरचा उल्लेख करतात. “तिथे 1992 पासून च्युइंगमसुद्धा बाहेरून आणू देत नाहीत. आणि आपल्याकडे बघा.” खरंच आहे. पण काकूंना कुणी हे सांगितलं नसावं की सिंगापुरात निवडणुका होतात आणि मतदान सक्तीचं आहे. 1959 पासून दर वेळी एकच पक्ष सत्तेवर येतो हा भाग वेगळा, पण लोकांना रांगेत जाऊन उभं राहावं लागतं. आमच्याकडे 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान होतं. गुरुवार. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मोकळे. आमच्या इमारतीतल्या निम्म्या गाड्या बुधवारी रात्रीच ताम्हिणी उतरून कोकणात गेल्या होत्या. सिंगापूरची शिस्त इथे यावी असं म्हणणाऱ्यांची गाडी त्यांत सर्वांत पुढे होती.

साताऱ्याकडचे एक सभासद आहेत, ते राजेशाहीवर आले. पण त्यांचा राजा अडचणीचा निघाला. “आमच्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 साली स्वतःहून कारभार प्रजेच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्याने. सत्तर-बहात्तर गावांचं संस्थान, पण राजाने आपण होऊन सोडलं!” मला हा राजा फार आवडतो. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा हा माणूस. रोज वाकायची सवय असलेल्याला सिंहासनावरून उतरणं सोपं जात असावं. पण सभेत एकदम शांतता पसरली, कारण सगळ्यांची नजर चेअरमनकडे गेली. चेअरमन दोन स्टिल्टच्या मधली जी जागा ‘तात्पुरती’ वापरतात, ती सोडायला गेली नऊ वर्षं तयार नाहीत.

विषय बदलायला म्हणून चौथ्या मजल्यावरच्या बाई बोलल्या. त्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. प्राचीन अथेन्समध्ये म्हणे पाचशे जणांचं मंडळ आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत. निवडणूक घेतली की पैसेवाले आणि नाववाले येतात, म्हणून सोडत हीच खरी लोकशाही असं त्यांचं मत. इथपर्यंत लोकांना पटलं, कारण आमचं पार्किंगही सोडतीनेच मिळतं आणि त्याबद्दल एकच माणूस भांडतो, ज्याला मिळालेलं नसतं तो. पण खरा रस पुढे आला. अथेन्सकर वर्षातून एकदा ठरवत, या वर्षी कुणाला घालवायचं का? हो म्हटलं तर फुटक्या मडक्याच्या खापरीवर ज्याचं त्याने नाव खरडायचं. मतं भरपूर पडली तर सर्वांत जास्त खापऱ्या ज्याच्या नावावर, तो दहा वर्षं गावाबाहेर. आरोप नाही, खटला नाही.

आपण ही पद्धत अर्धीच उचलली, हे मला तेव्हा कळलं. खापर फोडतो, पण माणूस तिथेच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो.

सभेत मात्र एकदम जिवंतपणा आला. पहिल्यांदाच सगळे एकमेकांकडे नीट बघू लागले. वरच्या मजल्यावर ढोलाचा सराव करणाऱ्या मुलाच्या वडिलांनी घाईघाईने सांगितलं की अथेन्समध्ये गुलामगिरी होती, बायकांना मत नव्हतं, आणि ते मॉडेल आपल्याला चालणार नाही. इतकं पुरोगामी भाषण त्यांच्या तोंडून आम्ही आधी ऐकलं नव्हतं.

आता लोकशाही वाईटच, पण बाकीच्या पद्धती त्याहून वाईट, हे चर्चिलचं वाक्य यायला हवं होतं. ते ग्रुपवर आधीच येऊन गेलं होतं, ‘सुप्रभात’च्या फुलांसकट.

खरी गंमत अशी, की लोकशाहीवाचून कारभार कसा चालतो हे बघायला आम्हाला सिंगापूर, औंध किंवा अथेन्सला जायची गरजच नव्हती. पुणे महापालिकेत मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचं, स्थायी समिती म्हणून ते तपासायचं आणि मुख्य सभा म्हणून मंजूर करायचं. तिन्ही भूमिका एका माणसाच्या, मतभेदाला जागाच नाही. एकहाती कारभार, विरोधक नाहीत, सभात्याग नाही, राजदंड पळवणं नाही. काका ज्याची पन्नास वर्षं वाट बघत होते ते त्यांच्या दारात चार वर्षं येऊन बसलं होतं. मी त्यांना विचारलं, “कसं वाटलं?” काका म्हणाले, “कधी?”

त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या गल्लीतला खड्डा नगरसेवक असताना होता तिथेच प्रशासकाच्या काळात होता. फरक इतकाच, की आधी खड्ड्याबद्दल कुणाला शिव्या द्यायच्या त्याचा चौकात फ्लेक्स असायचा, हात जोडलेला. चार वर्षं शिव्यांना पत्ता नव्हता.

एवढ्यात सेक्रेटरींनी पेन उघडलं. बिचारे अकरा वर्षं सेक्रेटरी आहेत. तीनदा निवडणूक आली, तीनही वेळा दुसरा अर्जच आला नाही. ते म्हणाले, “ठीक आहे. हुकूमशाहीचा ठराव लिहितो. हुकूमशहा कोण?”

कुणी बोलेना.

“पहाटे साडेपाचला टँकरवाल्याला फोन करायचा. वॉचमन गावी गेला की बदली शोधायचा. ड्रेनेज तुंबलं की झाकणापाशी उभं राहायचं. मानधन नाही.”

काकांना अचानक गुडघेदुखी आठवली. काकूंना पुढच्या महिन्यात पुन्हा सिंगापूरला जायचं होतं. सातारकर म्हणाले, राजे गेले ते बरंच झालं. कुणीतरी सुचवलं की उपनिबंधकांकडे जाऊन सरळ प्रशासकच मागावा. मग सेक्रेटरींनी सहज सांगितलं की प्रशासक आला की सगळ्यात आधी मेंटेनन्सची थकबाकी वसूल करेल, आणि थकबाकीदारांची यादी त्यांच्या खिशातच आहे. वाचू का?

सभा दोन मिनिटांत संपली. खुर्च्या तशाच राहिल्या.

संध्याकाळी ग्रुपवर इतिवृत्त आलं. ‘सभासदांनी हुकूमशाही पद्धतीस तत्त्वतः मान्यता दिली. योग्य उमेदवार मिळेपर्यंत विद्यमान सेक्रेटरींनीच काम पाहावे, असे सर्वानुमते ठरले. टाकीचा विषय पुढील सभेत.’ खाली सत्तावीस अंगठे. त्यांतले किमान दहा सभेला न आलेल्यांचे.

सोमवारी सकाळी सहाला जिन्यात काकांचा आवाज घुमत होता. “अहो सेक्रेटरी, नळाला पाणी नाही! काय चाललंय काय, मनमानी आहे का?”