सरासरी पडली, पेढे वाटा

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीचा गेल्या रविवारी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल आला. "आजी, ऑर्गोमध्ये ४१ मिळाले!" पोरगी खोलीभर नाचत होती. देवापुढे साखर ठेवायला निघालेली आमची आई मध्येच थांबली. "किती पैकी?" "शंभर पैकी!" "अगं मग रडायचं सोडून नाचतेस काय?" "आजी, वर्गाची सरासरी २९ आहे!"

आईने शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय. सरासरी म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नाही. पण शेजारच्या पोरांची दांडी गुल झाली म्हणून आपण साखर का वाटायची, हे काही तिला उमगेना. "म्हणजे तुझ्या मैत्रिणीला पेपर बरा गेला असता, तर तुला वाईट गेला असता?" पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं, नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं.

*

थोडं उलगडून सांगतो. अमेरिकेत बारावी झाली की लगेच एमबीबीएस, असं नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल कॉलेज. पदवी कशातही घ्या, इतिहासात घ्या नाहीतर संगीतात. मेडिकलच्या या तयारीला 'प्रीमेड' म्हणतात, पण त्या नावाची पदवी सहसा नसते. तो पदवीसोबत जडणारा एक विकार आहे. त्याची लक्षणं ठरलेली: जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, त्यांच्या लॅब, आणि सगळ्यांत जालीम म्हणजे ऑर्गो, अर्थात ऑर्गॅनिक केमिस्ट्री. मोठ्या विद्यापीठात त्या वर्गाला तीन-तीनशे पोरं बसतात. तिथे या विषयांना 'वीड-आउट' म्हणतात, म्हणजे खुरपणी. गंमत एवढीच की तण कुठलं आणि पीक कुठलं, हे पेरणी झाल्यावर ठरतं.

खुरप्याचं नाव 'कर्व्ह'. ज्या वर्गात कर्व्ह लागतो तिथे तुम्हाला काय येतं याला फारशी किंमत नसते, तुम्ही कितवे आलात याला असते. पेपर इतका अवघड काढायचा की कुणालाच धड येऊ नये, आणि मग पडलेल्यांत कोण कमी पडला ते मोजायचं. ४१ ला 'ए' मिळतो, २९ ला 'बी'. १८ वाला त्याच रात्री आईवडिलांना फोन करून सांगतो की आपला खरा ओढा अर्थशास्त्राकडे आहे.

*

या शेतात 'गनर' नावाचा प्राणी आढळतो. हा पहिल्या बाकावर बसतो आणि सरांना असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं त्याला आधीच ठाऊक असतात. प्रश्न सरांसाठी नसतोच, मागच्या बाकावरच्यांच्या पोटात गोळा यावा म्हणून असतो. लायब्ररीतल्या पुस्तकाची नेमकी परीक्षेला येणारी पानं कुणीतरी फाडून नेली, ही दंतकथा जवळपास प्रत्येक विद्यापीठात ऐकू येते. फाडणारा मात्र कुणी पाहिलेला नसतो. भाची म्हणाली, "फाडायची गरज काय? 'नोट्स पाठवते हं' म्हणायचं आणि परीक्षेनंतर पाठवायच्या."

हीच मंडळी पुढे मेडिकल कॉलेजच्या अर्जात 'मला डॉक्टर का व्हायचंय' यावर निबंध लिहितात. मर्यादा ५,३०० अक्षरांची. निबंधात आजारी आजोबा असतात, सेवाभाव असतो, माणुसकी तर ओसंडून वाहत असते. 'सरासरी २९ लागली तेव्हा मी नाचलो' हे वाक्य मात्र ५,३०० अक्षरांत कुणालाच बसवता येत नाही.

*

कधीकधी शेतच उलटतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ऑर्गो शिकवायला मेटलंड जोन्स नावाचे ८४ वर्षांचे प्राध्यापक होते. आधीची हयात प्रिन्स्टनमध्ये गेलेली. या विषयाचं गाजलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक त्यांच्याच नावावर. २०२२ साली त्यांच्या वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे अर्ज केला: आम्ही एवढं राबतो, त्या मानाने गुण मिळत नाहीत. सरांना काढा, असं त्यात कुठेही नव्हतं. विद्यापीठाने मात्र पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत सरांचा करार संपवला. जोन्सांचं म्हणणं होतं की पोरं प्रश्न नीट वाचतच नाहीत, कोविडनंतर तर वाचनाचा पारच बोजवारा उडालाय.

मग दोन तट पडले. एक म्हणाला, ज्यांना ऑर्गो झेपत नाही त्यांच्या हाती पेशंट द्यायचे का? दुसरा म्हणाला, पोरं नापास होतात तर मास्तर कसले? गिऱ्हाईक देवो भव मानणाऱ्या विद्यापीठाने देव ओळखला आणि पुजारी बदलला. एवढ्या गदारोळात हा विषय डॉक्टरला नेमका कशासाठी लागतो, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला.

*

त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात सापडतं. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांची झाडाझडती घेतली. गृहस्थ डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. त्या काळी फी भरली की डॉक्टर करणारी दुकानं गल्लोगल्ली होती. आधी विज्ञानाचा पाया पक्का करा, मग वैद्यक शिकवा, असं त्यांनी ठणकावलं, आणि ते बरोबरच होतं. पुढे उमेदवार वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि पाया म्हणून घातलेल्या दगडावर लोक डोकी आपटू लागले. २०२३ च्या प्रवेशाला ५२ हजारांहून जास्त अर्जदार होते आणि आत गेले जेमतेम २३ हजार. आकड्यांचं हे भांडण रसायनशास्त्राच्या गळ्यात बांधलंय, एवढंच.

उरलेलं उत्तर न्यूयॉर्कच्याच माउंट सायनाय मेडिकल कॉलेजने दिलं. १९८७ पासून त्यांनी साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या काही मुलांना ऑर्गो, भौतिकशास्त्र आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, या तिन्हींतून सूट देऊन जागा द्यायला सुरुवात केली. २०१० साली त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा ही मुलं एकूणात बाकीच्यांच्या तोडीस तोड निघाली. पेशंटांनी काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

*

आपण हसायचं कारण नाही. २०२४ च्या 'नीट'च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले होते. तिकडे सगळे पडतात म्हणून कोण हुशार ते कळत नाही, इकडे सगळे पैकीच्या पैकी आणतात म्हणून कळत नाही. आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवून लातूरच्या खोलीत पोरगं एकटं बसतं, ते दोन वर्षांनी थेट डॉक्टर होऊन बाहेर पडेल अशी आपली श्रद्धा.

*

एक किस्सा राहिलाच. प्रीमेडच्या चढाओढीसाठी ज्या विद्यापीठाचं नाव सगळ्यांत आधी घेतलं जातं, त्या जॉन्स हॉपकिन्समधला. तिथे कॉम्प्युटरचे प्राध्यापक पीटर फ्रोलिख यांचा नियम होता: वर्गातला सर्वाधिक गुण म्हणजे शंभर टक्के, बाकीच्यांचं माप त्यावरून. २०१२ च्या डिसेंबरात त्यांच्या वर्गांतल्या पोरांनी हिशेब केला. कुणीच पेपर दिला नाही तर सर्वाधिक गुण शून्य, आणि शून्य म्हणजेच शंभर टक्के! परीक्षेच्या दिवशी सगळे हॉलच्या बाहेर उभे राहिले. कुणी फितूर होऊन आत शिरत नाही ना, यावर एकमेकांची नजर. कुणीही शिरलं नाही. सरांनी दिलदारपणे सगळ्यांना 'ए' दिला, आणि मग नियम बदलला.

मी हे भाचीला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मामा, आमच्या ऑर्गोच्या वर्गात हे कधीच होणार नाही. बाहेर तीनशे जण उभे राहतील आणि एक जण खिडकीतून आत जाईल."

तो एक जण पुढे डॉक्टर होणार. पण ऑपरेशन थिएटरला खिडकी नसते, आणि तिथे एकट्याने पहिलं येता येत नाही. भूल देणारा, नर्स, रक्त आणणारा वॉर्डबॉय, सगळ्यांचं एकदम जमावं लागतं. तेव्हा वाचकहो, उद्या टेबलावर झोपायची वेळ आली तर सर्जन ऑर्गोमध्ये कितवा आला होता ते विचारू नका. त्याचं भूलतज्ज्ञाशी पटतं का, एवढं मात्र विचारून घ्या.